पाचवा उद्गार आणि मागच्या गल्लीचा नळ

शांतवन रणभिसे यांचं नाव ज्या कुणी ठेवलं, त्यानं बाळाचा आवाज ऐकायच्या आधीच ठेवलं असणार. शांतवन म्हणजे दुःखी जिवाला दिलेला हळुवार दिलासा. आणि शांतवनकाका हळुवार काही बोलल्याचं सोलापुरात कुणाला आठवत नाही. यात त्यांचा दोष नाही. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेली, तीही अक्कलकोट-मैंदर्गीच्या रस्त्यावर. गाडीचे पत्रे, टोपलीतल्या कोंबड्या आणि कानडी-मराठीत एकाच वेळी भांडणारे प्रवासी, या सगळ्यांच्या वर आवाज काढावा लागायचा. तो एकदा वर गेला तो खाली उतरायचं विसरला.

निवृत्तीनंतर गाडी सुटली, पण प्रवाशांची सवय सुटेना. मग काकांनी आपलं सगळं लक्ष चर्चकडे वळवलं. शुक्रवार पेठेपासून फार लांब नाही असं हे जुनं दगडी चर्च. तिथं दर रविवारी उपासनेच्या आधी काका दारात उभे राहतात. ख्रिस्ती माणूस स्वर्गात पुढच्या रांगेची आशा धरतो, पण चर्चमध्ये मात्र शेवटच्या बाकाकडे धाव घेतो. काकांना हे बघवत नाही.

"पुढं सरका, पुढं सरका! पुढचे तीन बाक मोकळे हायत! ओ बाई, पिशवी मांडीवर घ्या की, पिशवीचं पापातून तारण व्हायचंय का?"

लोक हसत हसत पुढं सरकतात. पाळकसाहेब वेदीपाशी डोळे मिटून उभे असतात, ते प्रार्थनेसाठी की काकांकडे बघायला नको म्हणून, हे देवालाच ठाऊक.

या चर्चच्या आवारात एक लॉन आहे. पूर्वी तिथं नुसती मातीची मोकळी जागा होती. पोरं क्रिकेट खेळायची, नाताळात पंगती बसायच्या. मग चर्चचे सेक्रेटरी उजागरे सर यांच्या मनात लॉन आलं. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. बारा महिने टाय. सोलापूरच्या उन्हात मेणबत्ती वाकते, पण सरांचा टाय वाकत नाही. चर्चच्या वरच्या कार्यालयातून पत्रक आलं होतं, की हवामान बदलतंय, सृष्टीची काळजी घ्या, मंडळ्यांनी, म्हणजे एकेका चर्चच्या लोकांनी, हिरवाई वाढवावी. त्याआधी या मंडळीची हिरवाई म्हणजे पर्यावरण रविवार. त्या दिवशी दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लावून फोटो काढायचा. खड्डा एवढा सवयीचा झाला होता की जूनमध्ये आपोआप रुंद व्हायचा. सरांनी ठरवलं, यंदा ठोस काही करायचं. आणि त्यांनी लॉन घातलं. लग्नाच्या रिसेप्शनलाही उपयोगी. आवारातल्या बोअरला पाणी भरपूर, तेव्हा सकाळ-संध्याकाळ गवताला आंघोळ.

मार्च महिन्यात एका संध्याकाळी सरांचा काकांना फोन आला.

"रणभिसे, लॉनवर जनावर आहे."

"कसलं जनावर, सर?"

"चार पायांचं! दाढी आहे! तुम्ही मालमत्ता बघता ना? मागच्या गल्लीत जाऊन सांगून या त्या लोकांना. जरा कडक शब्दांत."

कडक शब्द हा काकांचा घरचा माल. बोकडाला शिंगाला धरून ते भिंतीला वळसा घालून मागच्या गल्लीत गेले. पत्र्याच्या खोल्या, अरुंद रस्ता, दारादारात रिकामे बॅरल. बोकडाची मालकीण अंबुबाई दारातच बसली होती. हिचं माणूस बिरप्पा बाजारात हमाली करतं. गाव मैंदर्गीकडचं. तिकडं मेंढरं होती. चारा-पाणी संपलं तशी मेंढरं गेली आणि माणसं सोलापुरात आली. बरोबर तीन शेळ्या आणि हा बोकड.

काकांनी तोंड उघडलं, पण अंबुबाईनं आधीच ओळखलं.

"अय्यो! तुमी मैंदर्गी गाडीचे कंडक्टर न्हवं का?"

"व्हय. मंग?"

"मंग काय मंग! आमचं कोकरू गाडीत घिऊ दिलं न्हवतं की तुमी! मी येवढीशी व्हते, रडत घरला गेले."

"तिकीट काढलं न्हवतं त्याचं," काका म्हणाले. एवढ्या वर्षांनंतरही नियम तो नियम. "आनी आज ह्ये बिनतिकिटाचं आमच्या लॉनवर शिरलंय. गवत खाल्लंय त्यानं!"

"गवत खायाला न्हाय गेलं ओ ते. पानी प्यायला गेलं. गवत वाटंत लागलं म्हून खाल्लं."

शेजारच्या दारातून मदिनाबी बाहेर आली. हिच्या हातात कायम एक कळशी असते, रिकामी असली तरी असते. नळ कधी येईल सांगता येत नाही.

"क्या कंडक्टरसाब, बकरे को क्या डाटते? हमारे नळाला पाणी पाचव्या रोज, तो बी करंगळी जैसा. आन् तुमच्या घास को रोज दो टाईम. अगले जनम में घासच होना!"

काकांनी वर भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे बोअरची मोटर चालू झाल्याचा आवाज येत होता. गल्लीतल्या बायकांनी तो आवाज ओळखीच्या माणसाच्या पावलांसारखा ऐकला आणि कुणी काही बोललं नाही. काकांना ते न बोलणं सोसेना. काहीतरी बोलावंच लागलं.

"ईस्टरच्या आत ह्या भिंतीला नळ बसवतो! न्हाय बसवला तर शांतवन रणभिसे नाव सांगनार न्हाय!"

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर दोन बायकांनी ऐकलं असतं. काकांनी म्हटलं म्हणून अख्ख्या गल्लीनं ऐकलं, आणि पलीकडच्या गल्लीतल्या एकानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "आमच्याकडंबी का?"

"ईस्टर म्हंजे कवा?" अंबुबाईनं विचारलं.

"येशू मरणातून उठला, त्यो दिवस."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "उठल्यावर पैलं पानीच लागतंय मानसाला."

असे काका बोकडाची तक्रार घेऊन गेले आणि वचन देऊन आले.

घरी सुवार्ताबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, सगळं ऐकून घेतलं. त्या बालवाडीच्या बाई होत्या. त्यामुळं नवऱ्याला समजून घेणं त्यांना जड जात नाही.

"कमिटीला विचारलंत?"

"इचारतो की आता."

"अहो, लोक आधी विचारतात, मग वचन देतात. देवानं तुम्हाला घंटा दिली, ब्रेक द्यायचा राहिला."

चर्च कमिटीची बैठक झाली. काकांनी विषय मांडला. सरांनी टाय सारखा केला.

"रणभिसे, आपण चर्च आहोत, महापालिका नव्हे."

"महापालिका असतो तर मी तोंडच उघडलं नसतं, सर. तितं कुनाला अपेक्षाच न्हाय."

"आणि लॉन ही काही चैन नाही. तापमान वाढतंय. हिरवळ म्हणजे पर्यावरणच ना?"

"सर, त्या हिरवळीची सावली मुंगीला बी पुरंना. भिंतीपल्याड मानसं भाजायल्यात, आनी आपुन गवताला गार करायलोय."

सरांनी बोअर आटण्याची भीती घातली, बायकांच्या भांडणांची घातली. शेवटी पाळकसाहेब बोलले. पाळक चक्रनारायण हे तरुण, सौम्य आणि सगळ्यांशी जमवून घेणारे. अशा माणसाला फार सोसावं लागतं.

"काका, पाण्याला माझी ना नाही. पण आज नळ दिला, की उद्या नगरसेवक हार घेऊन येणार, परवा भिंतीवर त्यांचा फोटो लागणार. चर्चनं राजकारणात पडू नये."

"पाळकसाहेब, निवडणुकीच्या तोंडावर नगरसेवक भारतभाऊ आपल्याकडं नाताळचा केक कापून गेले, तवा आपुन कशात पडलो व्हतो?"

कुणीतरी खोकलं. मग सर म्हणाले, "हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा." हे एक वचन असं आहे, की त्यावर सगळ्या धर्मांचे आणि पंथांचे लोक एकदिलानं आमेन म्हणतात. पुढची बैठक होती ईस्टरनंतर.

झालं. काका चर्चला जायला लांबचा रस्ता धरू लागले. मागच्या गल्लीतून गेलं की पोरं विचारायची, "कंडक्टरकाका, नळ कुठल्या स्टॉपला हाय?" मदिनाबी तर काही विचारायचीच नाही, नुसती कळशी वर करून दाखवायची. आयुष्यभर दुसऱ्यांना उतरवणाऱ्या माणसाला आपण लोकांच्या नजरेतून उतरतोय हे कळत होतं. जेवणात लक्ष लागेना. शेंगाचटणीचा डबा दोन वेळा पुढं सरकवला तरी काका नुसते भाकरीकडे बघत बसायचे. सुवार्ताबाईंना खरी काळजी वाटली ती तेव्हा.

अशात पाळकसाहेबांचा फोन आला.

आता इथं एक रीत सांगायला हवी. उत्तम शुक्रवारी, म्हणजे येशूला वधस्तंभावर दिलं त्या दिवशी, दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून तो सात वेळा बोलला. त्या सात उद्गारांवर सात जण संदेश देतात. ऐकणारे उपाशी असतात. या मंडळीत तर जुनी शिस्त अशी, की तीन वाजेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. मिशनरी साहेबांच्या काळात हे निभत होतं. तेव्हा सोलापुरात ऊन पडायचं, आता कोसळतं. चर्चच्या उंच खिडक्या वारा यावा म्हणून ठेवलेल्या. वारा अजून येतो, पण तव्यावरून आल्यासारखा. दरवर्षी एखादी म्हातारी चक्कर येऊन पडते, आणि ती किती भक्तिमान हे पुढं वर्षभर सांगितलं जातं.

पाचवा उद्गार, "मला तहान लागली आहे," यासाठी पुण्याहून एक नामांकित वक्ते येणार होते. त्यांनी मोबाइलवर सोलापूरचं तापमान पाहिलं आणि त्यांना अचानक दुसरीकडचं पाचारण झालं.

"काका, पाचवा उद्गार तुम्ही घ्याल का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

काकांच्या डोळ्यांसमोर नळ धो धो वाहू लागला.

"घेतो की!"

"पण एक अट आहे. नळ, बोअर, लॉन, कमिटी, नगरसेवक, यातला एकही शब्द येता कामा नये. यंदा भारतभाऊही यायचे आहेत."

"मंग ऱ्हायलं काय, पाळकसाहेब?"

"येशू ख्रिस्त राहिला, काका."

हे काकांना लागलं. त्यांनी शब्द दिला, आणि दिलेला शब्द म्हणजे काय संकट असतं याचा ताजा अनुभव असूनही दिला. दुपारी ते कूलरसमोर पुस्तक उघडून बसले. मोठमोठ्यानं तयारी सुरू झाली. पॅलेस्टाईनचा उन्हाळा, रोमी शिपाई, आंबवलेला द्राक्षारस. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. सुवार्ताबाई गहू निवडत ऐकत होत्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "ज्या येशूनं वादळात समुद्रावर हुकूम चालवला, त्याला पाणी मागायला कसं वाटलं असेल?"

काका थांबले.

"मला तहान लागलीय, असं चारचौघांत सांगायला लाज सोडावी लागते," त्या म्हणाल्या. "त्या मागच्या बायका कुठं सांगतात? कळशी घेऊन उभ्या राहतात नुसत्या. त्यानं मात्र सांगितलं. त्यांच्या वाटणीचं त्यानं सांगितलं असेल."

काकांनी पुस्तक मिटलं.

उत्तम शुक्रवार उजाडला. चर्च भरलं. काकांनी सगळ्यांना पुढं सरकवलं, आणि त्या ओघात नगरसेवक भारतभाऊंनाही. भाऊ पांढऱ्याशुभ्र कडक कपड्यांत पाच मिनिटं तोंड दाखवायला आले होते आणि दाराजवळ उभे राहणार होते. काकांनी त्यांना हाताला धरून पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. पुढं वेदी, मागं चारशे डोळे. उठून जायची सोय राहिली नाही. भाऊंच्या माणसानं मागून गार पाण्याची बाटली सरकवली. भाऊंनी टोपण फिरवलं, आजूबाजूला पाहिलं, कुणीच पीत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी बाटली हळूच बाकाखाली ठेवली. मतदारांसमोर बिसलरी पिण्याइतका हा माणूस कच्चा नव्हता.

पहिला उद्गार उजागरे सरांचा. तो दरवर्षी त्यांचाच असतो. विषय क्षमा. कार्यक्रमपत्रिका सरांनीच छापून घेतली होती आणि प्रत्येक वक्त्याला वीस मिनिटं असं त्यांनीच ठळक अक्षरांत लिहिलं होतं. सरांनी रोमी साम्राज्यापासून क्षमा करायला सुरुवात केली. मग यरुशलेमचे याजक, मग इंग्रज, मग शिक्षण खातं, मग १९९४ सालच्या दहावीच्या तुकडीत कॉपी करताना सापडलेला एक मुलगा. त्याला क्षमा करताना सरांना जरा जड गेलं, म्हणून वेळ लागला. खाली बसलेल्या काकांचा जीव कासावीस झाला. कंडक्टरच्या जातीला उशीर सहन होत नाही. पहिल्याच थांब्यावर गाडीनं सगळं वेळापत्रक खाल्लं होतं.

पुढचे वक्ते काही मागं राहिले नाहीत. एकानं गेलेला वेळ भरून काढण्याऐवजी आपलाही वाढवून घेतला. तिसऱ्या उद्गाराच्या बाईंनी आईच्या दुःखावर बोलता बोलता गाणं म्हटलं, आणि मंडळीनं डोळे पुसले. अंगातलं शेवटचं पाणी तिथंच गेलं. "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हा चौथा उद्गार पाळकसाहेबांचा. तोवर सगळी मंडळी मनातल्या मनात हेच विचारत होती. हातपंख्यांचा वेग मंदावला. ओठ कोरडे पडले. भारतभाऊ बाकाखालच्या बाटलीकडे विरही माणसासारखे बघत होते.

तीन वाजून गेले, तेव्हा काका उठले. तीनला उपासना संपायची होती, आणि अजून तीन उद्गार बाकी.

काकांनी वचन वाचलं. "मला तहान लागली आहे."

पुढं बोलायला त्यांनी श्वास घेतला, आणि तेवढ्यात खिडकीबाहेर आवाज झाला. चक् चक् चक् चक्, फुर्रर्र.

झालं होतं असं. ईस्टरनंतर बुधवारी लॉनवर एका बड्या घरचं रिसेप्शन होतं. गवत पिवळं पडायला लागलं म्हणून सरांनी नवा फिरता फवारा आणला होता आणि त्याला आपोआप सुरू होण्याची वेळ लावली होती. माळ्यानं सांगून पाहिलं होतं, दुपारी पाणी घालू नये. सर म्हणाले होते, गवताला गरज दुपारीच असते. आज उपासनेत आवाज नको म्हणून तीन वाजून गेल्यावरची वेळ लावली होती, कारण पत्रिकेप्रमाणं तीनला सगळे घरी. पत्रिका सरांची, फवारा सरांचा, आणि पहिला संदेशही सरांचाच.

अख्खी मंडळी पाण्याचा आवाज ऐकू लागली. घसा कोरडा असताना पाणी कसं ऐकू येतं हे उपास केलेल्यालाच कळेल. आणि मग त्या आवाजात दुसरा आवाज मिसळला. टण् टण् टण्. फवारा नवा, त्याला जोर जास्त. फिरता फिरता त्याची एक धार भिंतीवरून पलीकडच्या गल्लीत पडत होती. भिंतीपलीकडे पावलं धावली.

"मदिनाबी, हिकडं ये, हिकडं! आता फिरून येतंय बग!"

"आया, आया! कळशी ऊपर धर!"

"अगं गेलं की तिकडं! धाव! यप्पा, भिजले की मी!"

टण् टण् टण्. मग हसण्याचा मोठा कल्लोळ. फवारा लॉनवर फिरून येईपर्यंत शांतता, की पुन्हा पळापळ.

चर्चमध्ये कुणी हललं नाही. मागच्या बाकावरच्या दोघांनी माना उंच करून खिडकीतून पाहिलं आणि परत खाली घातल्या. सगळे काकांकडे बघत होते. काकांच्या तोंडात पाच बंद केलेले शब्द होते, नळ, बोअर, लॉन, कमिटी आणि नगरसेवक, आणि पाचही बाहेर येण्यासाठी धक्काबुक्की करत होते. काकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. सुवार्ताबाईंनी डोळे मिटून घेतले.

"पाळकसाहेब," काका म्हणाले, आणि तो आवाज इतका खाली आला होता की लोकांना पुढं वाकावं लागलं, "मला बोलायची मनाई हाय. शब्द दिलाय. तवा मी काय बोलत न्हाय. तुमी ऐका."

आणि ते जाऊन बसले. त्या चर्चच्या इतिहासात आपला वेळ परत करणारे ते पहिले वक्ते.

मंडळी ऐकत राहिली. चक् चक् चक्. टण् टण्. हसणं. पळणं.

पहिले भानावर आले ते भारतभाऊ. राजकारणी माणसाला संधी पाण्यासारखी दिसते. ते उठले, हात जोडले आणि मंडळीकडे वळले.

"माझ्या ख्रिस्ती बंधू-भगिनींनो, मला फार वाईट वाटलं. माझ्या निधीतून मी उद्याच्या उद्या या भिंतीला नळ देतो. वर एक छोटीशी कमान. कमानीवर फक्त..."

"गरज नाही!"

उजागरे सर स्प्रिंग सुटल्यासारखे उभे राहिले होते. "काही गरज नाही! नळ मंडळी देईल! स्वतःच्या खर्चानं! उद्याच! बिनकमानीचा!"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे सरांच्या ध्यानात आलं. आयुष्यभर पोरांकडून कबुलीजबाब वदवून घेतलेल्या माणसाला, कबुली दिल्यावर तोंड कुठं ठेवावं हे ठाऊक नव्हतं. त्यांनी टायला हात घातला. भारतभाऊ खाली बसले, आणि बसता बसता त्यांनी सवयीनं टाळी वाजवली. उत्तम शुक्रवारी चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, पण त्या दिवशी दोन-चार जणांनी त्यांना साथ दिली.

सर अजून उभेच होते. "फवारा मी लावलाय," ते म्हणाले. "वेळही मीच... मी बंद करून येतो." आणि ते दाराकडे चालू लागले.

"सर," काका बसल्या जागेवरून म्हणाले, "आता नका बंद करू. त्येंच्या घागरी भरू द्या."

सर मधल्या वाटेत थांबले. मागं वळले. आपल्या पहिल्या बाकापर्यंत परत न जाता, वाटेत जिथं जागा दिसली तिथं, मागच्या एका बाकावर, एका भाजीवालीच्या शेजारी बसले. तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. बाहेर फवारा चालू होता, आणि चर्चमधली तहानलेली माणसं दुसऱ्यांच्या घागरी भरण्याचा आवाज ऐकत बसली होती. अशी उपासना पुण्याच्या त्या वक्त्यांकडून झाली नसती.

सहावा उद्गार होता, "पूर्ण झाले आहे." तो घ्यायला आलेले दाताचे डॉक्टर मोठे समंजस. पाच पानी भाषण त्यांनी खिशात घातलं, तेवढं वचन वाचलं आणि बसले. सातव्या उद्गाराच्या वक्त्यांनीही तेच केलं.

शनिवारी मदिनाबीचा मुलगा इसूफ प्लंबिंगचं सामान घेऊन आला. देखरेखीला सर हजर, एका हातात छत्री, गळ्यात टाय. मिशनरी साहेबांनी भिंत अशी बांधली होती, की शेजाऱ्यांची हाकसुद्धा पार होऊ नये. ड्रिलचं पातं मोडलं. दुसरं मोडलं.

"सर, ये दीवार है के भुईकोट किल्ला?" इसूफनं कपाळ पुसलं.

सरांनी छत्री काकांच्या हातात दिली, बाह्या मागं सारल्या आणि छिन्नी-हातोडा मागितला. त्यांनी मारलेले घाव भिंतीला कितपत लागले कोण जाणे. बोटाला दोन लागले. पण इसूफच्या अंगात मात्र हुरूप आला, आणि चारच्या सुमारास पलीकडचा उजेड दिसला. त्या भोकातून आधी अंबुबाईचा डोळा दिसला. मग तिचा आवाज आला, "दिसायलंय, दिसायलंय! टाय दिसायलाय!"

रिसेप्शनवाल्यांना पाळकसाहेबांनी स्वतः फोन केला. लॉन यंदा थोडं पिवळं असेल म्हणाले. पाहुण्यांना हवं तर मातीवर पाणी शिंपडून देऊ, सुगंध छान येतो. मग फोन ठेवून ते कितीतरी वेळ स्वतःशीच हसत होते. कुणाशी तरी न जमवून घेण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

ईस्टरची उपासना सूर्य उगवायच्या आधी असते. अंधारात माणसं पांढरे कपडे घालून, मेणबत्त्या घेऊन येऊ लागली. पण काका आणि सर दोघेही चर्चमध्ये नव्हते. ते मागच्या गल्लीत नळापाशी उभे होते, आणि भांडत होते.

नळाला कुलूप बसवलं होतं. भांडण किल्लीचं होतं.

"किल्ली कमिटीच्या कपाटात राहील," सर म्हणत होते. "सकाळी सात ते आठ. मी स्वतः उघडीन."

"सात वाजंपर्यंत कामाच्या बाया ऱ्हातील का हितं? किल्ली माझ्याकडं पायजे. रांग लावायची, टोकन द्यायचं..."

खरं सांगायचं तर काकांनी महिनाभर मनात हेच चित्र रंगवलं होतं. नळ वाहतोय, रांग उभी आहे, आणि नळापाशी खुर्ची टाकून शांतवन रणभिसे. समोर बायका कळशा घेऊन उभ्या होत्या आणि ही दोन म्हातारी माणसं एका किल्लीला दोन बाजूंनी धरून होती.

"पानी हाय का नुस्तं भांडान?" अंबुबाईनं विचारलं.

सरांनी कुलूप उघडलं. काकांनी तोटी फिरवली. पाणी खळाळलं. अंबुबाईनं ओंजळ धरली, घोट घेतला, तोंडात घोळवला आणि विचार केला.

"थोडं खारं हाय की ओ."

"बोअरचं असतंय तसं," काका एकदम खजील झाले.

"असू द्या. धुन्याला, भांड्याला, जनावराला लई झालं. त्यानं आमच्या पाचव्या रोजच्या नळाचं ग्वाड पानी प्यायला उरंल." तिनं घागर तोटीखाली सरकवली आणि हात पुढं केला. "आता ती किल्ली द्या हिकडं."

"किल्ली?" सर म्हणाले.

"तुमी दोगं रोज असंच भांडनार. आमच्यात भांडनं झाली तर आमी मिटवतो, सवय हाय. आज माझ्याकडं, उद्या मदिनाबीकडं. मोटर कवा लावायची तेवढं इसूफला सांगून ठिवा."

काकांनी सरांकडे पाहिलं, सरांनी काकांकडे. खुर्ची, रांग, टोकन, सगळं काकांच्या डोळ्यांसमोरून निघून गेलं. जाताना जरा दुखलं. मग त्यांनी बोटं सैल केली. सरांनीही केली. किल्ली अंबुबाईच्या कमरेच्या पिशवीत गेली, आणि पिशवीची नाडी आवळली गेली.

"जावा आता," ती म्हणाली. "तुमचा देव उठला असंल. हितलं आमी बघतो."

चर्चमधून पहिल्या गीताचे सूर येत होते. दोघे भिंतीला वळसा घालून परत निघाले. सरांच्या बोटाला पट्टी होती, काकांच्या चपला ओल्या होत्या. दारात आज कुणी उभं नव्हतं, तरी माणसं आपली आपण बसली होती. सुवार्ताबाईंनी शेजारी जागा धरून ठेवली होती. काका बसले. नेमून दिलेलं काहीच काम नव्हतं. त्यांनी गीताचं पुस्तक उघडलं, पान सापडेना म्हणून परत मिटलं, आणि पाठ येत असलेलं गाणं सगळ्यांपेक्षा अर्धी ओळ पुढं, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणू लागले.